निर्वासित आणि विस्थापित: गोष्ट वाचताना फरक कुठे पडतो

शहाद्यात शनिवारी दुपारी आम्ही आठवी-नववीच्या मुलांसोबत गोष्टी वाचतो. परवा सीरियातून जीव वाचवून युरोपात पोचलेल्या मुलाची गोष्ट होती. पुनर्वसन वसाहतीतली एक मुलगी म्हणाली, "सर, हा तर आमच्यासारखाच. माझ्या आजीचंपण गाव गेलं."

तिचं म्हणणं मनाला लागलं, तरी हे दोन शब्द वेगळे ठेवायला हवेत. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या बुडितात अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावं आली. ती माणसं विस्थापित. गाव सुटलं, देश सुटला नाही. मतदार यादीत नाव राहतं, जमिनीसाठी मोर्चा काढता येतो, कोर्टात जाता येतं. निर्वासिताला मुळात आपल्या सरकारचं संरक्षणच उरलेलं नसतं. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपायी छळ होईल अशी रास्त भीती असल्याने जो देशाबाहेर आहे, तो निर्वासित. जिथे जिवाला धोका आहे तिथे त्याला परत धाडायचं नाही, हा त्या कराराचा कणा. भारताने त्यावर सही केलेली नाही.

फाळणीनंतर जळगाव-धुळ्यात आलेल्या सिंधी कुटुंबांनाही लोक निर्वासितच म्हणत. सीमा ओलांडून आलेले, म्हणून शब्द बरोबर होता. पुढे ते इथलेच नागरिक झाले.

गोष्टीत हा फरक मैत्रीत उतरतो. निर्वासित मुलाशी मैत्री म्हणजे त्याचं गुपित सांभाळणं. कागद नाहीत, पोलीस दिसला की पोटात गोळा येतो, मित्र एक शब्द जास्त बोलला तर सगळं संपेल. विस्थापित मुलाच्या गोष्टीत पोलिसाची भीती एवढी नसते. तिथे अडतं ते जमिनीवरून आणि बोलीवरून. नव्या वसाहतीतला पावरी बोलणारा मुलगा आणि शेजारच्या गावातला अहिराणी बोलणारा, ज्याच्या घरी रोज ऐकू येतं की "आमनी गायरान त्यास्ले दी टाकी", म्हणजे आमचं गायरान त्यांना देऊन टाकलं. हे दोघे एका बाकावर कसे बसतील? मला ही गोष्ट जास्त अवघड वाटते, आणि मराठीत ती फार कमी लिहिली जाते.

मी हे सगळं सांगितल्यावर ती मुलगी थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे त्याचं घर तिकडे उभं असेल अजून?"

"असेलही. पण त्याला जाता येत नाही."

"आजीला जाता येतं. होडीने. पण घर दिसत नाही, पाणीच दिसतं."