स्नो ट्रेक

हिवाळ्यात बर्फाने झाकलेल्या डोंगरवाटांवरून केलेली पायी भटकंती. यात दोर लावून चढायचे कडे सहसा नसतात, म्हणून ती गिर्यारोहणापासून वेगळी धरतात. गोव्यात बर्फ पडत नाही; राज्यातला सर्वांत उंच डोंगर, सत्तरीतला सोसोगड, हजार मीटरहून थोडा जास्त उंचीचा. त्यामुळे इथले ट्रेकर डिसेंबर ते मार्चमध्ये उत्तराखंड किंवा हिमाचल गाठतात. पहिल्या खेपेला बहुतेकांची पसंती उत्तरकाशी जिल्ह्यातल्या केदारकंठा शिखराला (सुमारे ३,८०० मीटर). डेहराडूनहून गाडीने सांकरी गाव आणि तिथून पायवाट.

किनाऱ्यावरून गेलेल्याला थंडीपेक्षा स्वतःचा घाम जास्त नडतो. पावसाळी ट्रेकला आपण हौसेने भिजतो, टी-शर्ट अंगावरच वाळतो. बर्फात हीच सवय महागात पडते. सुती कापड घाम धरून ठेवते. चढ संपवून थांबलात की ते ओले कापड अंगातली ऊब ओढून घेते आणि थोड्याच वेळात हुडहुडी भरते. सुती बनियन, जीन्स, सुती मोजे घरीच राहू द्यावेत. अंगालगत पॉलिस्टर किंवा लोकरीचे थर्मल, त्यावर फ्लीस (मऊ, उबदार कृत्रिम कापडाचा थर), सर्वांत वर वारा-पाणी अडवणारे जॅकेट. पिसांचे जाड जॅकेट थांब्यासाठी. ते सॅकमध्ये सर्वांत वर ठेवावे. निघताना किंचित थंडी वाजत असेल तर कपडे बरोबर आहेत असे समजावे, चढ लागला की अंग तापतेच. मोज्यांचा एक कोरडा जोड फक्त झोपताना घालायचा, दिवसा त्याला हात लावायचा नाही.

बूट जाड मोजे घालून दुकानात बघावेत. बोटे हलायला जागा नसेल तर रक्त नीट खेळत नाही आणि तीच आधी बधिर होतात. बुटात बर्फ शिरू नये म्हणून वर गेटर (बूट आणि पोटरी झाकणारे आवरण) बांधतात.

बर्फ दिवसभर सारखा नसतो. रात्रीच्या गारठ्याने पहाटे वरचा थर कडक होतो, त्यावर बुटाखाली मायक्रोस्पाइक (धातूच्या दातांची साखळी) चढवून झपाझप चालता येते. ऊन तापले की तोच थर भुसभुशीत होतो आणि पाय गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत रुततो. शिखराच्या दिवशी अंधारातच निघतात ते यासाठी. चढताना बुटाचे टोक मारून पायरी करायची, पुढच्याच्या पावलात पाऊल टाकायचे. उतरताना टाच आधी, गुडघे किंचित वाकलेले. घाबरून मागे रेललात की टाचेवरचा भार सुटतो आणि घसरगुंडी ठरलेली. ओला बर्फ स्पाइकमध्ये गोळा होऊन बसला की दात टेकतच नाहीत. काठीने ठोकून तो पाडावा. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर ताजा बर्फ साचला असेल तर हिमस्खलनाचा धोका मोठा. असा उतार टाळावा. इलाजच नसेल तर एकेकाने पार करावा.

पाण्याची बाटली उलटी ठेवावी: गोठण्याची सुरुवात वरून होते, म्हणजे बूच मोकळे राहते. नळीची पाणपिशवी इथे निरुपयोगी, नळीच आधी गोठते. मोबाइल आणि टॉर्चचे सेल रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्यावेत. गॉगल ढगाळ हवेतही हवाच, बर्फावरून परतणाऱ्या अतिनील किरणांनी डोळे भाजतात.

सोसोगडावर किंवा दूधसागरच्या वाटेवर सराव केल्याने पाय आणि दम तयार होतात, पण विरळ हवेची सवय होत नाही. ती वर राहूनच होते. साधारण २,५०० मीटरच्या वर डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे सुरू झाले तर आणखी वर जायचे नाही. त्रास वाढला तर रात्र असली तरी खाली उतरायचे. फेणीच्या घोटाने ऊब येते हा समज खोटा. दारूने त्वचेकडचे रक्त वाढते, म्हणून गरम वाटते; प्रत्यक्षात शरीरातली उष्णता बाहेर जाते.

बोटे पांढरी पडून बधिर झाली तर चोळू नयेत, बर्फाने तर मुळीच नाही. ओले हातमोजे काढून ती काखेत धरावीत. शेकोटीजवळ नेऊ नयेत: बधिर कातडीला चटका कळत नाही.