रशियन फुटबॉलचा चौदा महिन्यांचा हंगाम

रशियन प्रीमियर लीगच्या २०११-१२ हंगामाची गुणतालिका पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्यात छपाईची चूक झाली असं वाटतं. संघ १६. प्रत्येकाने प्रत्येकाशी घरी एक आणि बाहेर एक असे दोन सामने खेळायचे, म्हणजे हिशेबाने ३०. पण विजेत्या झेनितच्या, सेंट पीटर्सबर्गच्या क्लबच्या, नावापुढे सामने आहेत ४४ आणि गुण ८८. इंग्लंड किंवा स्पेनमध्ये २० संघ असूनही ३८ सामन्यांत हंगाम आटोपतो. रशियाचा हा हंगाम १२ मार्च २०११ ला सुरू झाला आणि १३ मे २०१२ ला संपला. एवढा लांबलेला हंगाम त्या लीगने ना आधी पाहिला होता, ना नंतर पाहिला. तो लांबला नव्हता, मुद्दाम लांबवला होता. त्यामागची गोष्ट सुरू होते ती बर्फापासून.

मॉस्कोत नोव्हेंबरअखेर मैदानं गोठतात आणि मार्च उजाडेपर्यंत मोकळी होत नाहीत. त्यामुळे सोव्हिएत काळापासून तिथलं फुटबॉल बर्फ वितळला की सुरू होई आणि पुन्हा बर्फ पडू लागला की थांबे. वर्ष एक, हंगाम एक. क्लब संघांची पहिली सोव्हिएत लीग १९३६ सालची, आणि गंमत म्हणजे त्या पहिल्याच वर्षी दोन विजेते झाले. वसंतातली स्पर्धा दिनामो मॉस्कोने जिंकली, तीही सहाच्या सहा सामने जिंकून. शरदातली स्पार्ताक मॉस्कोने. पुढे चाळीस वर्षांनी, १९७६ मध्ये, असंच पुन्हा घडलं. युरोपियन स्पर्धा आणि माँट्रियल ऑलिंपिकच्या तयारीसाठी वर्षाचे दोन तुकडे केले गेले. वसंतात दिनामो मॉस्को, शरदात तोर्पेदो मॉस्को. दिनामोच्या चाहत्यांना १९७६ चा तो वसंत आजही तोंडपाठ आहे, कारण त्यानंतर त्यांचा क्लब एकदाही देशाचा विजेता झालेला नाही. सांगायचं इतकंच, की गरज पडली तर दिनदर्शिका हवी तशी कापायची, ही सवय तिथे जुनीच होती.

सोव्हिएत संघ मोडला आणि १९९२ मध्ये रशियाची स्वतःची लीग उभी राहिली. वेळापत्रक मात्र तेच राहिलं. पहिली दहा वर्षं जवळजवळ एकट्या स्पार्ताकची. प्रशिक्षक ओलेग रोमान्त्सेव्ह यांचं नाव त्या काळाशी कायमचं जोडलेलं आहे. १९९५ साली व्लादिकाव्काझच्या अलानियाने वालेरी गझायेव यांच्या मार्गदर्शनाखाली मधेच जेतेपद पळवलं, तेवढा एक अपवाद. २००१ मध्ये क्लबांनी स्वतःची प्रीमियर लीग स्थापन केली आणि मग पैशाचे नवे झरे फुटले. सरकारी गॅस कंपनी गाझप्रोमच्या बळावर झेनित, मॉस्कोचं सीएसकेए, प्रशिक्षक कुर्बान बेर्दियेव यांचं रुबिन कझान. २००८ आणि २००९ अशी सलग दोन जेतेपदं कझानला गेली, तेव्हा सत्ता फक्त मॉस्कोकडेच राहणार हा समज पुरता मोडला.

अडचण युरोपात होती. बाकीचा खंड ऑगस्टमध्ये सुरुवात करतो आणि मेमध्ये संपवतो. चॅम्पियन्स लीगचे गटसामने सप्टेंबरपासून, बाद फेऱ्या फेब्रुवारीपासून. रशियन क्लब फेब्रुवारीत काय करत असत? तुर्कस्तान किंवा स्पेनमधल्या सराव शिबिरात घाम गाळत असत. महिनोन्‌महिने खरा सामना न खेळता थेट बाद फेरीत उतरायचं. दुसरी अडचण वाट पाहण्याची. रुबिनने पहिलं जेतेपद २००८ च्या शरदात जिंकलं, पण त्या जेतेपदाच्या हक्काने चॅम्पियन्स लीगच्या गटात त्यांचा पहिला सामना झाला तो २००९ च्या सप्टेंबरमध्ये. मधल्या काळात संघ बदलतो, खेळाडू विकले जातात. (त्यांच्या बाबतीत ही वाट वाया गेली नाही. त्याच ऑक्टोबरमध्ये त्यांनी बार्सिलोनाला कॅम्प नोऊवर २-१ असं हरवलं.) आणि तिसरी अडचण खरेदी-विक्रीची. युरोपचा मोठा बाजार उन्हाळ्यात भरतो, नेमका रशियाच्या हंगामाच्या मध्यावर. चांगला खेळाडू ऐन मोक्याच्या वेळी निघून जायचा.

बदल नको म्हणणाऱ्यांची बाजूही कच्ची नव्हती, हे मला इथे आवर्जून सांगावंसं वाटतं, कारण त्यांना नुसते जुन्याला चिकटून बसणारे ठरवणं अन्यायाचं आहे. सीएसकेएने २००५ च्या मेमध्ये लिस्बनला जाऊन स्पोर्टिंगला त्यांच्याच मैदानावर ३-१ ने हरवलं आणि यूएफा कप, म्हणजे चॅम्पियन्स लीगखालोखालची युरोपियन क्लब स्पर्धा, जिंकून आणला. २००८ मध्ये झेनितने मँचेस्टरला रेंजर्सना २-० ने हरवून तोच कप जिंकला. दोन्ही विजय जुन्या वेळापत्रकातले. मेमध्ये युरोपचे खेळाडू हंगामाच्या ओझ्याने वाकलेले असत, तेव्हा रशियन खेळाडू नुकतेच ताजेतवाने होऊन आलेले असत. २००८ च्या युरो स्पर्धेत प्रशिक्षक गुस हिडिंक यांच्या रशियाने उपांत्य फेरी गाठली, तीही हंगामाच्या मध्यावरच. शिवाय साधा प्रश्न प्रेक्षकाचा. जुलैतल्या लांब, उजेडाच्या संध्याकाळी फुटबॉल पाहायचं सोडून डिसेंबरात उणे तापमानात माणसाने उघड्या स्टेडियमवर का बसावं? सैबेरियातल्या तोम्स्कसारख्या शहरात तर हा प्रश्न चैनीचा नव्हता.

तरीही निर्णय झाला. रशियन फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते सर्गेई फुर्सेन्को, पूर्वी झेनितचे अध्यक्ष राहिलेले. २०१० साली महासंघाने शरद-वसंत पद्धत स्वीकारली. त्याच वर्षी २ डिसेंबरला २०१८ चा विश्वचषक रशियाला मिळाला. देश स्वतःला युरोपियन फुटबॉलच्या मुख्य प्रवाहात पाहू लागला होता, आणि वेळापत्रक त्या प्रवाहाशी जुळवणं त्याच स्वप्नाचा भाग होता.

आता मार्चमध्ये सुरू होणारी लीग जुलैत सुरू होणारी करायची, तर मधले महिने कुठे घालवायचे? १९७६ सारखी अर्ध्या वर्षाची छोटी स्पर्धा घेता आली असती. त्याऐवजी एकच मोठा हंगाम करायचं ठरलं. २०११ मध्ये नेहमीसारखे ३० सामने. मग तालिका मधोमध कापायची. वरचे आठ जेतेपद आणि युरोपातल्या जागांसाठी एकमेकांशी पुन्हा दोनदा खेळतील, खालचे आठ अस्तित्वासाठी. आधीचे सगळे गुण तसेच पुढे धरायचे. असे आणखी १४ सामने. त्यातल्या काही फेऱ्या २०११ च्या नोव्हेंबरात, मग हिवाळ्याची सुट्टी, आणि उरलेल्या २०१२ च्या वसंतात.

या आराखड्याचा फायदा होता आणि तोटाही. वरच्या आठांमध्ये दर आठवड्याला मोठा सामना रंगत होता. स्पार्ताक-सीएसकेए, झेनित-दिनामो अशा लढती एका हंगामात चार-चार वेळा झाल्या. पण नवव्या क्रमांकावर आलेल्या संघाला वर चढण्याची कसलीच आशा उरली नाही. त्याने कितीही गुण मिळवले तरी तो नववाच.

हंगाम सुरू होण्याआधीच एक संघ गळाला होता. मॉस्को प्रांतातला सातुर्न कर्जात बुडून २०११ च्या सुरुवातीला बाहेर पडला. त्याच्या आदल्या हिवाळ्यात एफसी मॉस्कोने असंच अंग काढून घेतलं होतं. त्याला पोसणाऱ्या नोरिल्स्क निकेल कंपनीने हात आखडता घेतला होता. लागोपाठ दोन हिवाळ्यांत दोन संघ गेले, तेही सगळ्यात वरच्या श्रेणीतले. सातुर्नच्या जागी आला क्रास्नोदार. २००८ साली मॅग्नित दुकानांचे मालक सर्गेई गालित्स्की यांनी काढलेला, वयाने जेमतेम तीन वर्षांचा क्लब. खालच्या श्रेणीत तो पाचवा आला होता, म्हणजे बढतीचा मान मैदानावर मिळवलेला नव्हता.

आणि दुसऱ्या टोकाला उत्तर कॉकेशसमधलं रशियाचं दागेस्तान. उद्योगपती सुलेमान केरीमोव्ह यांनी २०११ च्या जानेवारीत अंझी मखाचकला हा क्लब हाती घेतला. फेब्रुवारीत ब्राझीलचा रॉबर्टो कार्लोस आला. उन्हाळ्यात चेल्सीतून युरी झिरकोव्ह, ऑगस्टमध्ये इंटर मिलानहून सॅम्युएल एटो, जगातल्या सर्वांत महागड्या पगारांपैकी एकावर. पुढच्या फेब्रुवारीत प्रशिक्षक म्हणून खुद्द हिडिंक. उत्तर कॉकेशसमधल्या अशांततेमुळे खेळाडू मॉस्कोजवळ राहत, तिथेच सराव करत आणि घरच्या सामन्यासाठी दीड हजार किलोमीटरवर विमानाने जात. मखाचकलाच्या पोरांना एटो दिसायचा तो सामन्यापुरता. त्यांनी त्याच्यावर तरीही जीव टाकला, आणि यात मला खोटं काहीच वाटत नाही.

चेचन्याची राजधानी ग्रोझ्नीच्या तेरेक क्लबनेही तोच मार्ग धरला होता. प्रशिक्षक म्हणून रूड गुलिट आला, मेमध्ये नवं स्टेडियम उघडलं, आणि जूनमध्ये गुलिटला नारळ मिळाला.

या पैशाच्या झगमगाटाखाली जे होतं तेही त्याच वर्षी उघड्यावर आलं. मार्चमध्ये सेंट पीटर्सबर्गला एका प्रेक्षकाने रॉबर्टो कार्लोससमोर केळं धरलं; कृष्णवर्णीय खेळाडूला माकड म्हणून हिणवण्याची ही रीत. जूनमध्ये समाराला क्रिल्या सोवेतोवविरुद्धच्या सामन्यात त्याच्याजवळ केळं फेकलं गेलं. अंझी ३-० ने पुढे होता, सामना संपत आला होता, आणि विश्वचषक जिंकलेला तो माणूस मैदान सोडून निघून गेला. ज्या देशाला सात वर्षांनी सगळ्या जगाला घरी बोलवायचं होतं, त्या देशासाठी ही लाजेची गोष्ट होती. वेळापत्रक कागदावर बदलता येतं, स्टँडमधली वृत्ती नाही.

मैदानावर मात्र लुचियानो स्पालेट्टी यांचा झेनित हळूहळू निसटत गेला. ३० फेऱ्यांनंतर सीएसकेए अगदी जवळ होतं. ऑगस्टमध्ये स्पार्ताकविरुद्ध गोलरक्षक इगोर अकिन्फेयेव गुडघ्याच्या दुखापतीने गेला, तरी लिओनिद स्लुत्स्की यांच्या संघाने तग धरला होता. पण जानेवारीत त्यांचा आघाडीचा खेळाडू व्हाग्नर लव्ह ब्राझीलला परतला आणि गाडी अडखळली. सेदू दुंबियाने २८ गोल करूनही सीएसकेए तिसरं आलं आणि चॅम्पियन्स लीगला मुकलं. स्पार्ताक ७५ गुणांवर दुसरा, म्हणजे विजेत्यांच्या १३ गुण मागे. झेनितने ४४ पैकी २४ जिंकले, १६ बरोबरीत सोडवले, फक्त चार हरले. इतक्या बरोबऱ्या सहसा जेतेपद हातचं घालवतात. इथे लांब हंगाम त्यांच्या कामी आला, कारण एवढ्या वाटचालीत बाकीचे सगळे कुठे ना कुठे घसरले. फेब्रुवारीत झेनितचा जुना तारा आंद्रेई अर्शाविनही आर्सेनलहून उसना घरी आला होता. अंझी एवढा खर्च करून पाचवा. तळाला तोम तोम्स्क आणि स्पार्ताक नाल्चिक खाली गेले. रोस्तोव आणि वोल्गा निझ्नी नोव्हगोरोद निर्णायक लढती जिंकून वाचले.

ज्या युरोपसाठी हा खटाटोप होता, तिथलं उत्तर त्याच फेब्रुवारीत मिळालं, आणि ते कुणाच्याच बाजूचं नव्हतं. झेनित आणि सीएसकेए दोघेही चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या सोळांत. झेनितने कडाक्याच्या थंडीत बेन्फिकाला ३-२ ने हरवलं; सीएसकेएने अगदी शेवटच्या क्षणी पोंतुस वेर्नब्लूमच्या गोलवर रियाल माद्रिदला १-१ असं रोखलं. परतीच्या सामन्यांत दोघेही बाहेर. फेब्रुवारीत रशियन लीग तेव्हाही बंदच होती आणि नव्या पद्धतीतही बंदच राहणार होती. पूर्वी हिवाळ्याची सुट्टी दोन हंगामांच्या मधे यायची, आता एकाच हंगामाच्या पोटात आली, एवढाच फरक. हे बर्फाचं गणित २०१० मध्येही दिसत होतं. माझ्या मते सुट्टीचा प्रश्न कुठलंच वेळापत्रक सोडवू शकणार नव्हतं. खरेदी-विक्री आणि पात्रतेचा ताळमेळ मात्र खरोखर जुळला, आणि तेवढ्यापुरता निर्णय योग्य होता.

मे संपतो न संपतो तोच युरो २०१२. चौदा महिने धावलेल्या झेनितच्या खेळाडूंवर बेतलेल्या रशियाने चेक प्रजासत्ताकाला ४-१ ने झोडपलं, पोलंडशी बरोबरी केली, ग्रीसकडून ०-१ ने हरले आणि गटातच बाद झाले. फुर्सेन्कोंनी राजीनामा दिला. त्यांनी आखलेला पहिला नेहमीचा शरद-वसंत हंगाम जुलैत सुरू झाला; तो सीएसकेएने जिंकला.

त्या १६ संघांचं पुढे काय झालं, हे पाहताना वाईट वाटतं. केरीमोव्ह यांनी २०१३ च्या ऑगस्टमध्ये खर्च कापला, तारे विकले. अंझी पुढच्याच वर्षी खाली गेला आणि २०२२ मध्ये व्यावसायिक फुटबॉलमधूनच बाहेर पडला. वोल्गा २०१६ मध्ये बंद पडला. २०१८ मध्ये अमकार पर्म आणि वरच्या आठांतला कुबानही. तोम्स्कच्या क्लबला २०२२ मध्ये परवाना मिळाला नाही. त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला, युक्रेनवरच्या आक्रमणानंतर, फिफा आणि यूएफाने रशियन संघांना स्पर्धांतून निलंबित केलं, आणि ज्या युरोपशी महिने जुळवले होते तो युरोपच त्या क्लबांसाठी उरला नाही.

सातुर्नच्या रिकाम्या जागेवर आलेला क्रास्नोदार त्या हंगामात नववा आला होता, वर जाण्याची वाट बंद असलेल्यांतला पहिला. गालित्स्की यांनी तारे विकत घेण्याऐवजी आधी अकादमी उभारली, २०१६ मध्ये स्वतःचं स्टेडियम बांधलं. २४ मे २०२५ ला, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, हा क्लब पहिल्यांदाच रशियाचा विजेता झाला. त्या दिवशी त्यांनी हरवलं ते दिनामो मॉस्कोला.