झोन मोठा म्हणजे अर्क जोरदार? झोन आणि एमआयसीमधला घोळ

वनस्पतीच्या अर्कात भिजवलेली कागदी डिस्क जिवाणू पेरलेल्या अगारवर (जेलीसारख्या माध्यमावर) ठेवली, की तिच्याभोवती वाढ थांबलेलं वर्तुळ दिसतं; तो झोन. एका अर्काचा झोन २० मिमी, दुसऱ्याचा १२. मग पहिलाच सरस असं धरून पुढचं सगळं फ्रॅक्शनेशन (अर्काचे घटक टप्प्याटप्प्याने वेगळे करणं) आखलं जातं. गोची इथेच होते. झोनमध्ये दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: जिवाणूंची वाढ रोखण्याची ताकद आणि अगारमधून पसरण्याची क्षमता. कर्क्युमिनसारखा पाण्यात न विरघळणारा रेणू डिस्कपाशीच थबकतो. छोटा, पाण्यात सहज विरघळणारा रेणू मात्र बेताच्या ताकदीवरही लांब जातो. अगारचा थर ४ मिमीऐवजी ३ मिमी पडला तरी झोन फुगतो. आणि ६ मिमीचा झोन म्हणजे तर डिस्कचाच व्यास, परिणाम शून्य! १० मायक्रोग्रॅम अँटिबायोटिकशेजारी ५ मिलिग्रॅम अर्क ठेवून ‘तोडीस तोड’ लिहिणं तर निव्वळ फसवणूक. मात्रा ५०० पट आहे.

एमआयसी म्हणजे वाढ दिसेनाशी होते ती सर्वांत कमी मात्रा. इथे अर्क थेट द्रव माध्यमात असतो, त्यामुळे अगारमधून पसरण्याचा प्रश्न उरत नाही. डीएमएसओ या द्रावकात १०० मिग्रॅ/मिलि अर्क विरघळवा, ब्रॉथमध्ये (द्रव माध्यमात) २५ पट पातळ करा. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खळग्यात १०० मायक्रोलिटर ब्रॉथ घाला. पहिल्यात तेवढाच पातळ केलेला अर्क मिसळून १०० पुढे, असं दहाव्यापर्यंत न्या. शेवटचे १०० फेकून द्या. मग पहिल्या दहांत आणि अकराव्यात दर मिलिलिटरला १० लाख पेशींचं जिवाणूंचं कल्चर १०० मायक्रोलिटर घाला, बाराव्यात नुसता ब्रॉथ. कल्चरमुळे मात्रा पुन्हा निम्मी होते, हे हमखास विसरलं जातं. पहिल्या खळग्यात १००० मायक्रोग्रॅम/मिलि अर्क आणि १ टक्का डीएमएसओ उरतो. तेवढ्याच डीएमएसओचा, अर्काविना कंट्रोल (तुलनेचा खळगा) वेगळा लावा.

अडचण रंगाची. हरितद्रव्याने हिरवट झालेल्या किंवा साका बसलेल्या खळग्यात गढूळपणा कळत नाही. ३७ अंशांवर १८ ते २० तासांनी रेसाझुरिन (जिवंत पेशींमुळे रंग बदलणारं रंगद्रव्य) घाला: निळं राहिलं तर वाढ नाही, गुलाबी झालं तर वाढ आहे. पण अर्कातली फिनॉल्ससुद्धा रेसाझुरिन गुलाबी करू शकतात, म्हणून जिवाणूंविना अर्काची एक ओळ हवीच.

झोन अगदीच टाकाऊ नाही. शंभर अर्कांतून दहा निवडताना, किंवा टीएलसी प्लेटवर (जिच्यावर अर्काचे घटक ठिपक्यांत वेगळे होतात) जिवाणूंसह अगार ओतून नेमका कोणता ठिपका क्रियाशील आहे ते शोधताना, तोच कामाचा. मात्र दर फ्रॅक्शनची एमआयसी काढत चला. मूळ अर्काची २५० मायक्रोग्रॅम/मिलि आणि शुद्ध केलेल्या पदार्थाचीही २५० आली, तर खरा घटक वाटेत सुटला असावा किंवा अनेक घटक मिळून काम करत असावेत. तेव्हा फेकायला काढलेले फ्रॅक्शन आधी तपासा.