चांदीच्या वायरीतून सूर गोड येतो का?

नाशिकच्या सराफ बाजारात ज्याला चांदीचा भाव तोंडपाठ आहे, अशा कुणालाही एक गणित घालून बघा. स्पीकरसाठी चांदीची वायर करायची आहे. जाडी दीड चौरस मिलिमीटर, म्हणजे घरच्या वायरिंगमध्ये सर्रास असते तेवढीच. अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकर पाच मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर. चांदी लागेल साधारण १५७ ग्रॅम. आजचा भाव लावा, वर भरपूर घडणावळ धरा. जो आकडा येईल, त्याच्या कित्येक पट किमतीच्या वायरी उंची ऑडिओच्या बाजारात मिळतात. काहींची किंमत लाखांत जाते.

चांदी तांब्यापेक्षा चांगली वाहक आहे, हे खरंच. पण फरक जेमतेम पाच-सहा टक्क्यांचा. वरच्या मापाच्या तांब्याच्या वायरीचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, भरतो ०.११२ ओहम, चांदीच्या वायरीचा ०.१०६. समोर स्पीकर आठ ओहमचा. त्यामुळे तांब्याच्या वायरीत आवाज घटतो ०.१२ डेसिबलने आणि चांदीच्या वायरीत ०.११ डेसिबलने. कानाला फरक कळायला साधारण अर्धा ते एक डेसिबल लागतो. तरीही तेवढी घट कुणाला खुपत असेल, तर तांब्याची थोडी जाड वायर घ्यावी, काम झालं. सोन्याचं तर विचारूच नका, ते वाहक म्हणून तांब्याच्याही मागे आहे. कनेक्टरवर त्याचा मुलामा असतो तो धातू काळा पडू नये म्हणून, आणि तिथे तो उपयोगी आहेच.

याहून गमतीची वस्तू म्हणजे खास पॉवर कॉर्ड. वीज एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून येवो की आणखी कुठून, ती मैलोन्‌मैल अ‍ॅल्युमिनियमच्या तारांतून येते, रोहित्रांतून जाते आणि भिंतीतल्या साध्या वायरीतून प्लगपर्यंत पोचते. शेवटच्या दीड मीटरला भारी वायर लावली की हा सगळा प्रवास धुऊन निघतो, असं मानायचं! शिवाय अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात शिरल्याशिरल्या त्या एसीची डीसी होते, ती वेगळीच.

मग सगळीच महाग यंत्रं म्हणजे फसवणूक का? तसं मुळीच नाही. स्पीकरमध्ये पैसा खरोखर कामी येतो. खर्जाचा आवाज म्हणजे हवा ढकलण्याचं कष्टाचं काम. एक सप्तक खाली उतरून आवाज तेवढाच मोठा ठेवायचा, तर स्पीकरच्या थरथरणाऱ्या पडद्याला चौपट हवा हलवावी लागते. त्यासाठी मोठा वूफर (खर्जाचा आवाज काढणारा भाग), मजबूत चुंबक आणि स्वतः थरथरणार नाही असा जड डबा हवा. यातलं काहीच स्वस्तात होत नाही. दोन हजारांचा ब्लूटूथ डबा आणि नीट बांधलेला मोठा स्पीकर यांतला फरक आजीलाही कळतो.

पण तो स्पीकर जिथे ठेवायचा, त्या खोलीचा हिशेब दुकानात कुणी मांडत नाही. इंदिरानगर किंवा सिडकोतल्या फ्लॅटचा हॉल घ्या. समोरासमोरच्या दोन भिंतींत बारा फूट, म्हणजे ३.६६ मीटर अंतर. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. वेगाला अंतराच्या दुपटीने भागलं की येतात ४७ हर्ट्‌झ. या वारंवारतेचा आवाज दोन भिंतींमध्ये उभी लहर होऊन बसतो: भिंतीलगत तो घुमतो आणि बरोबर मधोमध जवळजवळ गायब होतो. पाच हजारांचा स्पीकर असो की पाच लाखांचा, भिंतींना त्याचं काही नाही. सोफा दोन फूट सरकवल्याने होणारा फरक कोणत्याही वायरीपेक्षा मोठा असतो, आणि तो फुकट आहे.

आता कानांकडे येऊ. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी चाळीस जणांना तेच स्पीकर दोनदा ऐकवले, एकदा दाखवून आणि एकदा पडद्याआड ठेवून. दिसत होते तेव्हा मोठ्या, महागड्या स्पीकरना भरघोस गुण पडले. पडदा आल्यावर तो तोरा बराच उतरला. २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी उच्च दर्जाचं ध्वनिमुद्रण आणि तेच सीडीच्या दर्जावर उतरवलेलं, असं आलटून पालटून ऐकवलं. ५५४ वेळांपैकी २७६ वेळा उत्तर बरोबर, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी अशा अठरा अभ्यासांची एकत्र छाननी केली, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. फरक आहे, पण तो शोधायला हजारो चाचण्या लागतात. आणि २०१७ मध्ये जेरोन ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांची मापं तपासली. किंमत आणि ध्वनीचा आलेख (कोणता सूर किती मोठा वाजतो तो) यांचं नातंच सापडलं नाही.

द्राक्षांच्या आणि वाइनच्या या गावात आणखी एक प्रयोग सांगितलाच पाहिजे. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी लोकांना एकच वाइन दोन वेगवेगळ्या किमती सांगून पाजली आणि तेव्हाच त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. 'महाग' वाइन लोकांना जास्त आवडली. मुद्दा असा की ते उगाच बोलत नव्हते. आनंदाशी निगडित असलेला मेंदूचा भागही खरोखर जास्त उजळला होता. किमतीने चव बदलली नव्हती, अनुभव बदलला होता.

म्हणून लाखाची वायर घेणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही. त्याचा आनंद खरा असू शकतो. अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन वेब्लेन यांनी १८९९ मध्येच लिहून ठेवलंय की काही वस्तू महाग असतात म्हणूनच हव्याशा वाटतात. येवल्याची पैठणी लोक पैसे मोजून घेतातच की! पण ती इतर लुगड्यांपेक्षा ऊबदार आहे, असं कुठलाही विणकर सांगत नाही. कारागिरी, मिरवणं, हौस यांची किंमत काहीही असू शकते, तिला जास्त म्हणायला मोजपट्टीच नाही. विक्रेता 'हिच्यामुळे आवाज सुधारतो' म्हणाला, की मात्र तो मोजपट्टीच्या हद्दीत आला. तिथे किंमत जास्त आहे की नाही, ते तपासता येतं.

तपासणी घरीही होते. आधी दोन्ही जोडण्यांचा आवाज मीटर लावून समान करायचा. हे टाळून चालणार नाही, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला आपोआप 'छान' वाटतो. मग भाचीला स्पीकरच्या मागे बसवायचं. नाणं उडवून कोणती वायर लावायची ते तिने ठरवावं आणि कागदावर लिहून ठेवावं. ऐकणाऱ्याने फक्त 'एक' की 'दोन' एवढंच सांगायचं. असं दहा वेळा. नुसत्या अंदाजाने दहापैकी नऊ किंवा अधिक उत्तरं बरोबर येण्याची शक्यता १,०२४ मध्ये ११, म्हणजे सुमारे एक टक्का. कुणाला नऊ जमली, तर त्याने वायर जरूर घ्यावी, आणि मलाही ऐकायला बोलवावं.