पन्नास टक्क्यांच्या आतलं ब्लॉकेज

खालच्या मजल्यावरचे काका हातात रिपोर्टची पिशवी घेऊन वर आले. मुलाने पंच्याहत्तरीनिमित्त फुल बॉडी चेकअपचं पॅकेज दिलं होतं, त्यात मानेची डॉप्लर सोनोग्राफीही होती. मेंदूला रक्त नेणाऱ्या डाव्या कॅरोटिड धमनीत 45 टक्के अडथळा. "पन्नासच्या आत आहे, म्हणजे पास ना?" त्यांनी विचारलं. त्या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायला हवं, म्हणून हा लेख.

कंठमण्याच्या बाजूला दोन बोटं हलकेच टेकवली की जो ठोका लागतो, तो कॅरोटिडचा. (दोन्ही बाजू एकदम दाबू नका.) तिथेच जरा वर या धमनीला दोन फाटे फुटतात, एक चेहऱ्याकडे जातो, दुसरा मेंदूकडे आणि डोळ्याकडे. फाट्यापाशी धमनी थोडी फुगीर असते. तिथे प्रवाह भिंतीपासून सुटतो, रक्त मागेपुढे घोटाळतं, आणि नेमका तिथेच चरबीचा थर साचतो. या थराला प्लाक म्हणतात.

टक्केवारीचा दबदबा 1991 पासूनचा. त्या वर्षी उत्तर अमेरिकेतल्या 'नॅसेट' या चाचणीचे निकाल आले. लक्षणं दिसलेल्या (म्हणजे मेंदूचा किंवा डोळ्याचा रक्तपुरवठा थोडा वेळ का होईना तुटल्याची) आणि 70 टक्क्यांहून जास्त अडथळा असलेल्या रुग्णांमध्ये, त्याच बाजूचा पक्षाघात दोन वर्षांत होण्याचं प्रमाण नुसत्या औषधांवर 26 टक्के होतं. प्लाक कापून काढल्यावर ते 9 टक्क्यांवर आलं. तेव्हापासून शस्त्रक्रियेचा निर्णय मुख्यतः टक्क्यांवर होतो. हे टक्के व्यासाचे असतात. व्यास निम्मा झाला की वाट पावच उरते, 70 टक्के घटला की जेमतेम 9 टक्के. पाण्याच्या नळीवर अंगठा दाबला की धार जोरात उडते, तसं अरुंद जागी रक्त वेगाने धावतं. डॉप्लर हा वेग मोजतो. सेकंदाला 230 सेंटिमीटरच्या वर गेला, तर अडथळा सत्तरच्या पुढचा समजतात.

पण कॅरोटिडमुळे होणारा पक्षाघात बहुतेकदा वाट बंद झाल्यामुळे होत नाही. मेंदूला रक्त नेणाऱ्या चारही धमन्या त्याच्या तळाशी एकमेकींना जोडलेल्या असतात, एक आटली तर दुसऱ्या भार घेतात. घात होतो तो प्लाकचा पापुद्रा फाटून, त्यावर धरलेली गुठळी सुटून वर गेल्यामुळे. शिवाय प्लाक आधी बाहेरच्या बाजूला वाढतो. शिकागोच्या सेमूर ग्लागोव यांनी 1987 मध्ये हृदयाच्या धमन्यांत हे दाखवलं: सुमारे 40 टक्के जागा प्लाकने व्यापेपर्यंत आतली वाट तशीच राहते. कॅरोटिडही अशीच फुगू शकते. वेग मोजून फक्त वाट कळते, भिंतीच्या पोटात काय शिजतंय ते कळत नाही.

ते एमआरआय दाखवतो, आणि कसं दाखवतो हे मला फार सुंदर वाटतं. वाढत्या प्लाकमध्ये नव्या, कच्च्या केशवाहिन्या शिरतात. त्या पाझरतात, आणि प्लाकच्या आतच रक्तस्राव होतो. सांडलेल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या लोहाचा एक इलेक्ट्रॉन जातो, त्याचं मेथहिमोग्लोबिन होतं. आता या लोहात पाच इलेक्ट्रॉन एकेकटे, जोडीविना उरतात. एकट्या इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व प्रोटॉनच्या साडेसहाशे पटींहून जास्त. एमआरआयचा सगळा खेळ पाण्यातल्या प्रोटॉनचा असतो: रेडिओलहरीने त्यांना आडवं पाडायचं आणि ते किती वेळात उभे राहतात ते पाहायचं. पाण्याचा रेणू या लोहाला चिकटून सुटला की डळमळत्या चुंबकी क्षेत्रात त्याचा प्रोटॉन झटकन ऊर्जा टाकतो आणि लवकर उभा राहतो. पुढची लहर येते तेव्हा तो तयार असतो, म्हणून तिथून संकेत जोरात येतो. प्राणवायू सोडलेल्या साध्या हिमोग्लोबिनमध्येही चार एकटे इलेक्ट्रॉन असतात, पण तिथे पाण्याला लोहाजवळ जागा मिळत नाही. मेथहिमोग्लोबिनमध्ये मिळते. चरबीही अशीच उजळ दिसते, पण तिच्या प्रोटॉनची वारंवारिता किंचित वेगळी असल्याने तिचा संकेत वेगळा काढून दाबता येतो. वाहतं रक्तही काळं करता येतं. उरते ती काळी मान आणि त्यात सांडलेल्या रक्ताचा पांढरा डाग. रंगद्रव्याचं इंजेक्शन लागत नाही, आणि हा भाग पाचेक मिनिटांत होतो.

2020 मध्ये अनेक अभ्यासांतले रुग्ण एकत्र करून केलेलं विश्लेषण आलं. लक्षणं असलेल्या, पण 50 टक्क्यांहून कमी अडथळ्याच्या रुग्णांत डाग नसेल तर वर्षाला 0.7 टक्के जणांना त्याच बाजूचा पक्षाघात झाला, डाग असेल तर 9 टक्के.

याचा अर्थ सगळ्यांनी मान तपासून घ्यावी असा नाही. लक्षणं नसलेल्यांची सरसकट कॅरोटिड तपासणी करू नये, असा अमेरिकेच्या तज्ज्ञ मंडळाचा स्पष्ट सल्ला आहे, तरी पॅकेजं विकली जातात. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे दोन संदेश तर कृपा करून पुढे पाठवू नका: लिंबू-लसणाच्या काढ्याने ब्लॉकेज विरघळतं हा एक, आणि लकवा झाल्यावर बोटांना सुई टोचून रक्त काढावं हा दुसरा. सुई शोधण्यात जातो तो वेळ गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा असतो.

काकांना मी एवढंच विचारलं, हातात मुंग्या, बोबडी वळणं, असं कधी झालं का? नाही म्हणाले. मग दाराशी चप्पल घालता घालता: "परवा पेपर वाचताना डाव्या डोळ्यावर वरून पडदा उतरल्यासारखं झालं. चष्मा पुसला. पाच मिनिटांत गेलं."

डावी कॅरोटिड, डावा डोळा. अशाच एका झटक्याच्या वेळी न्यूरॉलॉजिस्ट सी. मिलर फिशर यांनी रुग्णाच्या डोळ्यात पाहिलं होतं, दृष्टिपटलावरच्या धमन्यांतून पांढरे कण सरकताना. त्यांनी ते 1959 मध्ये नोंदवलं. काकांना त्याच संध्याकाळी न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं. एमआरआयमध्ये डाव्या बाजूला पांढरी चंद्रकोर स्पष्ट होती. गुठळी न होऊ देणारी गोळी आणि कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन लगेच सुरू झालं. एवढ्या टक्क्यांना सहसा शस्त्रक्रिया करत नाहीत, पण करायची झाली तर लक्षणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांतच तिचा सगळ्यात जास्त उपयोग असतो, म्हणून सर्जनची वेळ सोमवारचीच घेतली आहे.