संप्रेरक-विघातक प्रदूषके आणि माशांचे प्रजनन

शरीरातील संप्रेरकांची (हॉर्मोन्सची) नक्कल करणारी, त्यांचे काम अडवणारी किंवा त्यांची निर्मिती बिघडवणारी रसायने पाण्यात मिसळल्यामुळे माशांच्या लिंगविकासात व प्रजननात होणारे बदल. मासे मरून तरंगू लागले की प्रदूषण लगेच ध्यानात येते. येथे मासे जिवंत असतात, पोहतात, खातात, पण पिले कमी होत जातात. त्यामुळे हे नुकसान दीर्घकाळ लपून राहिले.

गर्भनिरोधक गोळ्यांतील एथिनिलइस्ट्रॅडिओल हे कृत्रिम इस्ट्रोजेन (मादी-संप्रेरक), माणसांच्या व जनावरांच्या मूत्रातून येणारी नैसर्गिक इस्ट्रोजेने, औद्योगिक प्रक्षालकांपासून (डिटर्जंटपासून) बनणारे नॉनिलफिनॉल, प्लॅस्टिकमधील बिस्फेनॉल-ए आणि काही कीटकनाशके हे यातील प्रमुख पदार्थ. शरीर इस्ट्रोजेनाला निष्क्रिय रूप देऊन बाहेर टाकते. सांडपाण्यातील जीवाणू मात्र त्याला पुन्हा सक्रिय रूपात आणतात.

माशांमध्ये हा परिणाम इतका ठळक होण्याचे कारण त्यांच्या घडणीत आहे. अनेक जातींत लिंग जनुकांनी पक्के ठरत नाही. कोवळ्या वयात मिळालेल्या संप्रेरकांनी ते बदलू शकते. शिवाय कल्ल्यांमधून पाण्यातील रसायने थेट रक्तात जातात. अंड्यातील पीतकासाठी (बलकासाठी) लागणारे व्हायटेलोजेनिन हे प्रथिन मादीच्या यकृतात इस्ट्रोजेनाच्या आदेशाने तयार होते. त्याचे जनुक नरातही असते, पण एरवी जवळजवळ निद्रिस्त. नराच्या रक्तात हे प्रथिन भरपूर सापडले, तर पाण्यात इस्ट्रोजेनासारखे काहीतरी आहे हे जवळपास निश्चित. १९९४ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी सांडपाणी प्रक्रिया केंद्रांच्या विसर्गात ट्राउट मासे पिंजऱ्यांत ठेवून नेमके हेच दाखवले. १९९८ मध्ये ब्रिटनमधील नद्यांतल्या रोच जातीच्या नरांच्या वृषणात अंडपेशी वाढत असल्याचे व्यापक पाहणीत आढळले. काही ठिकाणी तर तपासलेले सर्व नर असे होते. सौम्य बाधा झालेले नर बऱ्यापैकी प्रजनन करतात, तीव्र बाधा झालेल्यांची क्षमता मात्र बरीच घटते.

एकेका माशातील अशा खुणांवरून संपूर्ण संख्या कोसळेल का, याचे सर्वांत ठाम उत्तर कॅनडातील प्रायोगिक सरोवर क्षेत्रातून मिळाले. तेथील एका सरोवरात २००१ ते २००३ या काळात एथिनिलइस्ट्रॅडिओल सोडण्यात आले. प्रमाण लिटरला अवघे ५ ते ६ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे ५-६ अब्जांश भाग. फॅटहेड मिनो या लहान माशाच्या नरांत व्हायटेलोजेनिन आले, वृषणांची वाढ खुंटली, आणि ही जात त्या सरोवरातून जवळजवळ नाहीशी झाली. आयुष्य थोड्याच वर्षांचे असल्याने एक-दोन हंगामांची वीण चुकली तरी तिला ते सोसत नाही. मिनोवर जगणारे मोठे ट्राउटही पुढे खंगले. रसायन थांबवल्यावर काही वर्षांत मिनोंची संख्या पूर्ववत झाली. याचा अर्थ स्रोत बंद करणे व्यर्थ नाही, आणि मला वाटते की या प्रयोगाची हीच बाजू अधिक सांगितली जायला हवी.

सगळी प्रदूषके मादीकरणच करतात असे नाही. फ्लोरिडात कागद गिरण्यांच्या विसर्गाखालील पाण्यात डासांच्या अळ्या खाणाऱ्या गॅम्बुसियाच्या माद्यांना नरासारखा लांब गुदपर (पोटाखालचा मागचा पर) आलेला दिसला. मांसासाठी पोसलेल्या गुरांना काही देशांत दिले जाणारे ट्रेनबोलोन हे कृत्रिम नर-संप्रेरक माद्यांचे अंडी घालणे घटवते.

नियमनातली अडचण मिश्रणांची आहे. प्रत्येक इस्ट्रोजेनसदृश रसायन एकटे निरुपद्रवी ठरेल इतक्या अल्प प्रमाणात असले, तरी अनेक एकत्र आली की नर मिनोंत व्हायटेलोजेनिन वाढते, हे प्रयोगांनी दिसले आहे. त्यामुळे एकेका रसायनाची सुरक्षित मर्यादा ठरवून भागत नाही. युरोपीय संघाने नॉनिलफिनॉलच्या बहुतांश वापरांवर २००३ च्या निर्देशाने बंदी आणली. स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक प्रक्रिया केंद्रांत ओझोन किंवा सक्रिय कार्बनचा जादा टप्पा बसवण्यास सुरुवात केली. या दोन्ही पद्धतींनी पाण्यातील इस्ट्रोजेनाचा बराचसा भाग निघून जातो.