पागडीच्या खोलीतून मालकीच्या फ्लॅटकडे : दक्षिण मुंबईच्या पुनर्विकासाची पार्श्वभूमी

खाली गाळे, वर बिऱ्हाडे आणि राहणारे सगळे भाडेकरू. गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवी, भेंडी बाजार इथल्या बहुतेक जुन्या इमारती अशाच. दुकान आणि घर एका छपराखाली असावे, घर भाड्याने मिळावे, कामाला चालत जाता यावे, हे आज नियोजनकार नव्याने सांगतात. इथे ते शंभर वर्षांपूर्वीच नांदत होते. पुनर्विकासात घर टिकले, बहुतेक ठिकाणी गाळाही टिकला. भाड्याने राहणे मात्र संपत चालले आहे.

१८९६ च्या प्लेगनंतर शहरात रस्ते रुंद झाले, सरकारी चाळी उभ्या राहिल्या. पण दाट वस्तीचा मोठा भाग खासगी मालकांनी बांधला, कारण भाड्यात चांगली प्राप्ती होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात भाडी भडकली तेव्हा १९१८ मध्ये पहिले नियंत्रण आले. खरा कायदा १९४७ चा. त्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच ‘प्रमाण भाडे’ ठरवले. पालिकेचा कर वाढला तर तेवढी वाढ भाडेकरूकडून घेता येई, मूळ आकडा मात्र जागचा हलत नसे. फाळणी, टंचाई, शहराकडे लागलेली रीघ पाहता हा निर्णय त्या वेळी योग्यच होता. चूक पुढची आहे. तात्पुरता म्हणून आणलेला हा कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षे चालला. गोठवलेल्या भाड्यात इमारतीची डागडुजी कोण करणार, हा प्रश्न दर मुदतवाढीला पुढे ढकलला गेला.

याच काळात ‘पागडी’ रुजली, आणि सगळा गुंता या एका शब्दात आहे. भाडे वाढवता येत नाही, म्हणून मालक खोली देतानाच एकरकमी पैसा घेऊ लागले. १९४७ च्या कायद्याने तो घेणे गुन्हा होता. मालकाने घेणे गुन्हा, आणि खोली सोडताना भाडेकरूने पुढच्याकडून घेणेही गुन्हा. तरी व्यवहार होतच राहिले, रोखीत आणि विश्वासावर. खोली दुसऱ्याला द्यायची तर पावती त्याच्या नावावर करावी लागे. ती करण्यासाठी मालक हिस्सा मागे, बहुधा तिसरा. म्हणजे भाडेकरू खोली ‘विकत’ होता, मालक त्या ‘विक्रीत’ वाटा घेत होता आणि कागदावर यातले काहीच घडत नव्हते. एखाद्या कपाटातली जुनी पावती काढून पाहा. मूळ भाडे, पालिकेचा कर, दुरुस्ती उपकर असे रकाने, रक्कम काही रुपयांची आणि नाव कधीच वारलेल्या आजोबांचे. पावती आजोबांच्याच नावाने फाटत राहिली, कारण नाव बदलायला गेले की पैशाची बोलणी आली.

मग मालक कोण? जमीन एकाची, मोबदला मोजून घेतलेला ताबा दुसऱ्याचा. पागडीवाला फुकट राहतो असे बिल्डरांच्या बैठकीत सर्रास म्हटले जाते. ते खरे नाही. त्याने किंवा त्याच्या आधीच्याने त्या काळच्या मानाने मोठी रक्कम मोजलेली असते. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने (अंमल ३१ मार्च २०००) पागडी अखेर कायदेशीर केली आणि वर्षाला चार टक्के भाडेवाढ दिली. त्याआधी, डिसेंबर १९९७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने भाडे गोठवून ठेवणे आता अवाजवी झाल्याचे म्हटले होते. पण मधल्या पन्नास वर्षांत तुळया कुजल्या, सज्जांना लाकडी टेकू लागले, जिन्याचे कठडे हातात येऊ लागले.

दुरुस्तीसाठी १९६९ मध्ये वेगळा कायदा झाला, मंडळ बसले, उपकर लागला. अशा ‘सेस’ इमारती तेव्हा १९,६४२ होत्या. त्यातल्या १६,५०२ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या, म्हणजे ‘अ’ वर्गातल्या. १९८६ मध्ये आणखी धाडसी तरतूद आली : सत्तर टक्के रहिवाशांनी सोसायटी करून मागितले, तर सरकारने इमारत ताब्यात घेऊन त्यांना द्यावी आणि मालकाला शंभर महिन्यांचे भाडे द्यावे. मालक न्यायालयात गेले. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचलेला हा वाद नऊ न्यायाधीशांसमोर आला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये बहुमताने ठरले की प्रत्येक खासगी मालमत्ता ‘समाजाचे भौतिक साधन’, म्हणजे सर्वांच्या हितासाठी सरकारने वाटून देण्याजोगी संपत्ती, मानता येत नाही. तोवर किती इमारती आधीच पडल्या होत्या! ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारात एक कोसळली, तीसहून अधिक माणसे गेली.

प्रत्यक्षात पुनर्विकास घडवला तो मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) या नियमाने. १९९९ च्या दुरुस्तीनंतर ‘अ’ वर्गाला अडीच एफएसआय (म्हणजे भूखंडाच्या अडीच पट बांधकाम), किंवा भाडेकरूंच्या पुनर्वसनाला लागेल तेवढा आणि त्यावर पन्नास टक्क्यांपासून पुढे प्रोत्साहनपर, यातला जो जास्त तो. या ‘जो जास्त तो’ मुळे भाडेकरू जितके अधिक, तितके बिल्डरला विकायला अधिक. खोट्या पावत्या त्यातूनच निघाल्या आणि खऱ्या भाडेकरूवर पुरावे दाखवत फिरायची वेळ आली. त्याला घर फुकट आणि मालकीचे मिळाले. पूर्वी किमान २२५ चौरस फूट, आता ३००. गाळेवाल्याला गाळा मिळाला, पण तो रस्त्याच्या तोंडाशी की मागच्या बाजूला यावर कित्येक प्रकल्प वर्षानुवर्षे अडले. भुलेश्वरच्या दुकानदाराला हे अंतर किती महाग पडते, हे त्यालाच ठाऊक.

भाड्याची नवी खोली बांधण्याची सक्ती मात्र कुठल्याच तरतुदीत आली नाही. मालक विकून मोकळा झाला, बिल्डरने वरचे मजले विकले. पूर्वी दोन-तीनशे रुपयांत महिना निभावणाऱ्या रहिवाशाला लिफ्ट, पंप, सुरक्षारक्षक यांचा देखभाल खर्च हजारांत येऊ लागला. अनेकांनी फ्लॅट भाड्याने दिला आणि स्वतः उपनगर गाठले. आज गिरगावात भाड्याची जागा मिळते ती बहुधा अशा घरात, अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे भाडेकरूचे हक्क न देणाऱ्या वापर-परवान्यावर. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या लायसन्सधारकांना कायद्याने भाडेकरू मानले. त्यानंतर आलेल्यांना ते संरक्षण नाही, म्हणून अकरा महिने संपले की त्यांना सामान बांधावे लागते.